विजेने माणूस मोजू नये

दीर्घकाळ शुद्धीवर न आलेल्या रुग्णांच्या मेंदूला विजेचा प्रवाह देऊन त्यांना जागे करण्याचे प्रयत्न गेली काही दशके जगात चालू आहेत. अधूनमधून वृत्तपत्रांत त्यांची बातमी येते, आणि बातमी आली की आपल्या धर्मग्रामांतून तीन प्रकारची मते कानी पडतात. पहिले मत भाविकांचे. जीव देणारा आणि नेणारा परमेश्वर असताना माणसाने मेंदूत तारा घालून आत्म्याला डिवचावे हे पाप होय, असे ते म्हणतात. दुसरे मत व्यवहारी सुशिक्षितांचे. विजेनेही जो जागा झाला नाही त्याच्यात माणूस असा उरलाच नाही, तेव्हा नळी काढून सर्वांनीच मोकळे व्हावे, असे त्यांना वाटते. तिसरे मत आशेने कासावीस झालेल्या घराचे. जमीन विकू, दागिने मोडू, पण ते यंत्र आणू, असा त्या घराचा निर्धार असतो.

ही तिन्ही मते आम्हांला अमान्य आहेत. वरवर पाहता ती एकमेकांच्या विरुद्ध दिसतात. परंतु तिघांच्याही मुळाशी एकच गैरसमज दडलेला आहे. शुद्ध म्हणजेच माणूस, असे तिघेही नकळत धरून चालतात. भाविकाला वाटते, शुद्धीला हात लावला म्हणजे आत्म्याला हात लावला. व्यवहारी म्हणतो, शुद्ध गेली तेथे माणूस गेला. आणि घरच्यांना वाटते, शुद्ध आली तरच आपला माणूस आपल्याला मिळाला. या एका गैरसमजाविरुद्ध आम्हांला येथे लिहावयाचे आहे.

प्रथम शब्द नीट समजून घेणे अगत्याचे आहे, कारण आपल्याकडे ‘कोमा’ या एका शब्दात चार निरनिराळ्या अवस्था कोंबल्या जातात. मेंदूमृत्यू ही त्यांपैकी एक. तीत मेंदूचे कार्य कायमचे थांबलेले असते. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानेही आपल्या देशात तिला मृत्यूच मानले आहे. तिच्याशी प्रस्तुत विषयाचा संबंध नाही. खरा कोमा म्हणजे मिटलेल्या डोळ्यांची बेशुद्धी. ती सहसा काही आठवड्यांपलीकडे टिकत नाही. रुग्ण एक तर दगावतो, नाही तर डोळे उघडतो. डोळे उघडणाऱ्यांपैकी काही जण पुढे झोपतात, जागे होतात, आपला श्वास आपण घेतात, जांभई देतात, कण्हतात. पण स्वतःचे किंवा भोवतालचे भान असल्याची खूण त्यांच्यात दिसत नाही. १९७२ साली ब्रायन जेनेट आणि फ्रेड प्लम या दोन वैद्यकतज्ज्ञांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकातून या अवस्थेला ‘व्हेजिटेटिव्ह स्टेट’ असे नाव दिले. चौथी अवस्था किमान शुद्धीची. तिची स्वतंत्र व्याख्या २००२ साली झाली. येथे रुग्ण कधी आईच्या चेहऱ्यामागे नजर फिरवतो, कधी सांगितल्यावर बोट हलवतो, आणि पुढच्या क्षणी पुन्हा हरवतो. या शेवटच्या दोन अवस्थांत माणूस वर्षानुवर्षे पडून राहू शकतो. विजेचे प्रयोग चालले आहेत ते अशांसाठी.

हे प्रयोग म्हणजे नेमके काय? ‘विजेचा झटका’ म्हणताच आपल्या लोकांना मनोरुग्णांना देण्यात येणारे शॉक आठवतात. ते वेगळे. येथे मुख्यतः तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग शस्त्रक्रियेचा. मेंदूच्या मध्यभागी थॅलॅमस नावाचे एक केंद्र आहे. शरीराकडून येणारे बहुतेक संदेश त्यातून पुढे जातात आणि मेंदूला जागे ठेवण्यातही त्याचा मोठा वाटा असतो. त्यात दोन्ही बाजूंनी बारीक तारा बसवून छातीच्या कातडीखालील बॅटरीने त्यांना प्रवाह द्यावयाचा. दुसऱ्या मार्गात मेंदूला हात न लावता मानेतून जाणाऱ्या व्हेगस नावाच्या मज्जातंतूला प्रवाह देतात. तिसरा सर्वांत साधा. मिठाच्या पाण्यात भिजवलेले स्पंजाचे दोन तुकडे डोक्यावर ठेवून दोन मिलिअँपिअर इतका क्षीण प्रवाह वीस मिनिटे सोडावयाचा. मनोरुग्णांच्या शॉकमध्ये प्रवाह शेकडो मिलिअँपिअरचा असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे फरक कळेल.

या प्रयोगांना फळ आले काय? काहींना आले. अमेरिकेत एका माणसाला लुटारूंनी बेदम मारहाण केली. डोक्याला जबर इजा झाली. सहा वर्षे तो किमान शुद्धीच्या अवस्थेत पडून होता. त्याच्या थॅलॅमसमध्ये तारा बसवण्यात आल्या, तेव्हा तो ३८ वर्षांचा होता. निकोलस शिफ, जोसेफ जियाचिनो, अली रेझाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. तो शब्द बोलू लागला, वस्तू हाताळू लागला. पूर्वी त्याला नळीने अन्न द्यावे लागे. आता तो घास चावून गिळू लागला. सुधारणा आपोआप झाली नसेल कशावरून, ही शंका घेऊन डॉक्टरांनी सहा महिने यंत्र आळीपाळीने चालू आणि बंद ठेवून पडताळाही घेतला. वाचकहो, लुटारूंच्या हाती सापडून अर्धमेला झालेला हा वाटसरू आपल्या ओळखीचा आहे. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटेवर आपण त्याला पाहिले आहे.

२०१४ साली बेल्जियममधील लिएज येथील ओरेली तिबो, स्टीव्हन लॉरेज आणि सहकाऱ्यांनी स्पंजाच्या मार्गाचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. किमान शुद्धीतील ३० रुग्णांपैकी १३ जणांत काही नवी खूण दिसली. भानाची कोणतीही खूण नसलेल्या २५ जणांत फक्त दोघांत. परिणाम अल्पकाळच टिकणारा होता. २०१७ साली फ्रान्समधील लिओं येथून वृत्त आले की, १५ वर्षे प्रतिसादहीन असलेला ३५ वर्षांचा एक रुग्ण व्हेगसच्या मार्गाने महिन्याभरात नजरेने वस्तूचा मागोवा घेऊ लागला आणि सांगितल्यावर मान वळवू लागला.

आम्ही हे आकडे मुद्दाम देत आहोत. त्यांत आनंद मानण्याजोगे पुष्कळ आहे, आणि त्यांची मर्यादाही त्यांतच उघड आहे. एका रुग्णाचा वृत्तान्त हा एका रुग्णाचाच असतो. ज्याच्या मेंदूतील जोडण्या बऱ्याच अंशी शाबूत आहेत त्याला विजेचा उपयोग होण्याचा संभव अधिक. प्राणवायूअभावी ज्याच्या मेंदूची सर्वत्र हानी झाली आहे त्याला फार कमी. खाटेवरून उठून कोणी घरी चालत गेला, असे यांतल्या एकाही वृत्तान्तात नाही. एकाला घास गिळता येऊ लागला. पण ज्या आईने सहा वर्षे मुलाच्या नळीत अन्न ओतले, तिला त्या घासाची किंमत विचारावी.

आता पहिल्या मताकडे वळू. या उपचाराने आत्म्याला डिवचले जाते, ही समजूत भक्तीतून आलेली असली तरी ती ख्रिस्तसभेची शिकवण नाही. १३१२ साली व्हिएन्नच्या धर्मपरिषदेने असे ठरवून दिले की, विवेकी आत्मा हा मानवी शरीराचे साक्षात रूपतत्त्व आहे. संत थॉमस अक्वायनस यांची शिकवणही तीच. आत्मा घोड्यावर बसलेल्या स्वारासारखा शरीराच्या एखाद्या भागात बसलेला नसतो. जिवंत शरीर हे सर्वस्वी आत्म्याने जिवंत असते, कपाळापासून टाचेपर्यंत. आत्म्याचे मुख्य आसन मेंदूतील पिनियल ग्रंथीत आहे, हा विचार तत्त्वज्ञ देकार्त याचा. १६४९ सालच्या आपल्या ग्रंथात त्याने तो मांडला. आपल्यातील भाविक मंडळी स्वतःला अक्वायनसचे अनुयायी समजून देकार्तच्या मागे चालली आहेत! थॅलॅमसमध्ये घातलेली तार आत्म्याला टोचत नाही, जशी मोतीबिंदूवरील शस्त्रक्रिया आत्म्याची दृष्टी कापत नाही. छातीत पेसमेकर बसवलेले कितीतरी वृद्ध सकाळच्या मिस्साला येतात. त्यांचे हृदय विजेने चालते म्हणून त्यांना कोणी अधर्मी म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

ख्रिस्तसभेने अशा संशोधनाकडे पाठ फिरवलेली नाही. मज्जासंस्थेच्या अभ्यासकांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १९५२ साली भरली होती. तिच्या सदस्यांसमोर पोप पायस बारावे यांनी संशोधनाच्या नैतिक मर्यादांविषयी सविस्तर भाषण केले. विज्ञानाचे हित थोर आहे. पण त्यासाठी रुग्णाला साधन बनवता येणार नाही, आणि रुग्णाने दिलेल्या अधिकारापलीकडे डॉक्टरला अधिकार नाही, असा त्या भाषणाचा आशय होता. श्रद्धासिद्धान्त मंडळाने ५ मे १९८० रोजी काढलेल्या घोषणापत्रात आणखी पुढचे पाऊल आहे. इतर उपाय पुरेसे नसतील तर रुग्णाच्या संमतीने अगदी नवे, प्रायोगिक आणि काहीसे धोक्याचे उपचारही करून पाहता येतात. आणि अपेक्षित फळ येत नाही असे दिसले तर ते थांबवताही येतात. येथे रुग्ण स्वतः संमती देऊ शकत नाही. ती त्याच्या वतीने घरच्यांना द्यावी लागते. म्हणूनच त्यांनी दुप्पट सावध असले पाहिजे. ‘डॉक्टर म्हणतात म्हणून’ किंवा ‘विज्ञानाला उपयोग होईल म्हणून’ ही कारणे पुरेशी नाहीत. या एका माणसाचे यात काही भले होण्याची रास्त आशा आहे काय, एवढाच प्रश्न विचारावयाचा.

दुसरे मत अधिक धोक्याचे आहे, कारण ते विज्ञानाचा झगा घालून येते. त्याची सुरुवात शब्दापासून होते. ‘व्हेजिटेटिव्ह’ या नावाचे इंग्रजी बोलीत ‘व्हेजिटेबल’ झाले, आणि आपल्याकडे सुशिक्षित घरांतूनही रुग्णाच्या खाटेशेजारी उभे राहून ‘आता तो भाजीपाल्यासारखा पडला आहे’ असे म्हणण्याची रीत पडली. २० मार्च २००४ रोजी याच विषयावरील परिषदेच्या सदस्यांना उद्देशून बोलताना पोप जॉन पॉल दुसरे यांनी या शब्दाचा कडक निषेध केला. मनुष्य कितीही आजारी वा विकल झाला तरी तो मनुष्यच राहतो. तो कधीही वनस्पती होत नाही, पशू होत नाही, असे त्यांनी ठामपणे सांगितले. त्या वेळी त्यांचे स्वतःचे शरीर पार्किन्सनच्या विकाराने जर्जर झाले होते. पुढे २०१० साली युरोपातील तज्ज्ञांनीही ते जुने नाव अपमानकारक आणि दिशाभूल करणारे आहे असे सांगून ‘प्रतिसादहीन जागृती’ असे नाव सुचवले. डॉक्टरांनी सोडावयास घेतलेला शब्द आपण भाविकांनी जिभेवर का बाळगावा?

आणि हे निदान तरी किती पक्के असते? २००९ साली बेल्जियममधील एका अभ्यासात, डॉक्टरांच्या सर्वसाधारण मताप्रमाणे भान नसलेल्या ४४ रुग्णांची ठराविक श्रेणीपद्धतीने पुन्हा तपासणी झाली. त्यांपैकी १८ जणांत भानाच्या खुणा सापडल्या. म्हणजे शंभरात ४१ जणांच्या बाबतीत चूक! या तपासणीला महागडे यंत्र लागत नाही. रुग्णाच्या डोळ्यांसमोर हातातला आरसा हळूहळू फिरवावयाचा. इतर वस्तूंकडे न वळणारी नजर कित्येकदा स्वतःच्या चेहऱ्यामागे वळते. त्याला त्याच्या नावाने हाक मारावयाची. हे सारे एकदा करून भागत नाही. दोन आठवड्यांत निदान पाच वेळा करावे, असे २०१७ सालच्या एका अभ्यासात दिसून आले, कारण त्याचे भान येते आणि जाते. विजेच्या यंत्रासाठी धावणाऱ्या प्रत्येक घराने आधी विचारावे : आमच्या माणसासमोर कोणी आरसा धरला होता काय?

आता कोणी म्हणेल, आजची यंत्रे याहून पुढे गेली आहेत. ती मेंदूच्या आतले पाहतात, तेव्हा त्यांच्या निकालावर विसंबावे. ऑगस्ट २०२४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने अनेक देशांतील रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. खाटेशी केलेल्या तपासणीत सांगितलेले काहीही न करणारे २४१ रुग्ण होते. त्यांना मनातल्या मनात एखादी कृती करावयास सांगून मेंदूची तपासणी केली, तेव्हा ६० जणांच्या मेंदूने ती सूचना पाळल्याचे दिसले. दर चारांतला एक माणूस ऐकत होता, आणि शरीर त्याचे उत्तर बाहेर येऊ देत नव्हते! हा भाग वृत्तपत्रांनी छापला. दुसरा भाग फारसा कोणी छापला नाही. जे ११२ रुग्ण खाटेवर उघडपणे सूचना पाळत होते, त्यांच्यापैकी केवळ ४३ जणांच्या बाबतीत यंत्राला प्रतिसाद सापडला. म्हणजे डोळ्यांना दिसणारी शुद्धसुद्धा यंत्राने निम्म्याहून अधिक वेळा हुकवली. अशा यंत्राच्या मौनावरून ‘आत कोणी नाही’ असा निकाल देण्याचे धाडस कोणी करावे?

विजेच्या उपचाराचा खरा धोका हाच आहे. आज आशा म्हणून आलेला प्रवाह उद्या परीक्षा म्हणून वापरला जाईल. वीज लावली, जागा झाला, तर तो माणूस. वीज लावली, जागा झाला नाही, तर खाट रिकामी करा. नापास झालेल्याला जगण्याचा हक्क नाही, असे शाळेतल्या मुलाबद्दलही आपण म्हणत नाही.

हा धोका काल्पनिक नाही. अमेरिकेतील टेरी शायव्हो ही कॅथलिक तरुणी १९९० च्या फेब्रुवारीत हृदयक्रिया थांबून कोसळली आणि तिच्या मेंदूला भयंकर इजा झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस तिचा पती तिला कॅलिफोर्नियाला घेऊन गेला आणि तेथे प्रयोग म्हणून तिच्या थॅलॅमसमध्ये विजेच्या तारा बसवण्यात आल्या. त्यांचा उपयोग झाला नाही. पुढे पती आणि आईवडील यांच्यात न्यायालयीन झगडा उभा राहिला. १८ मार्च २००५ रोजी तिची अन्नपाण्याची नळी काढण्यात आली आणि ३१ मार्चला ती मरण पावली. शवचिकित्सेत तिच्या मेंदूचे वजन ६१५ ग्रॅम भरले, अपेक्षेच्या सुमारे निम्मे. हानी भरून येण्यासारखी नव्हती. ही वस्तुस्थिती आम्ही लपवीत नाही. कोणत्याही विजेने ती उठून बसली नसती हे आम्हांला मान्य आहे. परंतु त्यावरून तेरा दिवस अन्नपाण्यावाचून तिला मरू देणे न्याय्य कसे ठरते? मेंदूचे वजन निम्मे झाले म्हणून तिच्या तहानेवरचा आपला ऋणभार निम्मा झाला नव्हता.

येथे आपल्या कुटुंबांना सर्वाधिक छळणाऱ्या प्रश्नाचे उत्तर दिले पाहिजे. ‘फादर, हा उपचार केला नाही तर आम्ही पापी ठरू काय?’ उत्तर स्पष्ट आहे : नाही. सोळाव्या शतकात सालामांकाच्या डॉमिनिकन आचार्यांनी साधारण आणि असाधारण उपायांचा भेद मांडला. २४ नोव्हेंबर १९५७ रोजी भूलतज्ज्ञांसमोर बोलताना पोप पायस बारावे यांनी तो आधुनिक वैद्यकाला लावून दाखवला. मेंदूत तारा बसवणे हा आजच्या घडीला असाधारण उपाय आहे. पार्किन्सनच्या रुग्णांसाठी अशा प्रकारचे यंत्र आपल्या देशातही बसवतात, आणि त्याचा खर्च लाखांच्या घरात जातो. ज्यांना परवडते, ज्यांच्या डॉक्टरांना रास्त आशा वाटते, त्यांनी करावे. ज्यांना नाही, त्यांनी मन शांत ठेवून नकार द्यावा. धाकट्या मुलीचे शिक्षण मोडून, राहते घर गहाण टाकून तो करण्याची सक्ती परमेश्वराने कोणावर घातलेली नाही.

परंतु पेज आणि पाणी यांची गोष्ट वेगळी. ते नळीने दिले तरी ते अन्नच असते. १ ऑगस्ट २००७ रोजी श्रद्धासिद्धान्त मंडळाने अमेरिकेतील बिशपांच्या प्रश्नाला उत्तर देताना सांगितले की, शुद्ध परत येण्याची आशा नसली तरी अशा रुग्णाला अन्नपाणी देणे तत्त्वतः बंधनकारक आहे. शरीर ते स्वीकारीतच नसेल, किंवा त्याने रुग्णाला अतोनात क्लेश होत असतील, तर गोष्ट निराळी. २०२० साली त्याच मंडळाने ‘सामारितानुस बोनुस’ या पत्रात ही शिकवण पुन्हा मांडली. त्या लॅटिन शीर्षकाचा अर्थच मुळी ‘चांगला शोमरोनी’ असा आहे. वीज नाकारता येते. तहानलेल्याला पाणी नाकारता येत नाही. एवढे एक वाक्य ध्यानी ठेवले तरी पुष्कळ घरांचा मनस्ताप टळेल.

आणि हे जमते काय, असे विचारणाऱ्यांनी दूर जावयास नको. मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथेच पाशवी हल्ला झाला. १८ मे २०१५ रोजी त्या निवर्तल्या. मधली ४१ वर्षे त्या रुग्णालयाच्या परिचारिकांनी, पिढ्या बदलल्या तरी, त्यांना न्हाऊ घातले, भरवले, कूस बदलून दिली. त्यांच्यासाठी दयामरण मागणारा अर्ज ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला आणि या परिचारिकांच्या सेवेचा मुक्त कंठाने गौरव केला. त्याच निकालपत्राने मात्र इतर रुग्णांचे उपचार काढून घेण्याची वाट आपल्या देशात प्रथम मोकळी केली, आणि २०१८ च्या निकालाने ती अधिक रुंद झाली. ज्यांच्यासाठी मरण नाकारले गेले त्यांच्याच नावाने ती वाट ओळखली जावी, याहून दुर्दैव कोणते? के. ई. एम.च्या त्या परिचारिका बहुतांशी ख्रिस्ती नव्हत्या, हे आपण नम्रपणे लक्षात ठेवावे. शोमरोनीसुद्धा यहुदी नव्हता.

तिसऱ्या मताच्या घरांना आम्हांला रागावून काही सांगवत नाही. त्यांना एवढेच सांगावयाचे की, तुमच्या अश्रूंवर नजर ठेवून असणारे दुकानदार जगात आहेत. ‘मेंदू पुन्हा जागा करून देऊ’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्यापासून दूर राहा. वैद्यकीय प्रयोग असेल तर त्याला नीतिसमितीची मान्यता असावी लागते, आणि भारतात २००९ पासून नव्या औषधोपचारांच्या प्रयोगांची राष्ट्रीय नोंदवहीत नोंद बंधनकारक झाली आहे. ती मान्यता आणि ती नोंद दाखवा, असे बेलाशक म्हणा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे प्रयोगाचा खर्च प्रयोगात भाग घेणाऱ्यावर लादता येत नाही. जो प्रयोगही म्हणतो आणि लाखोंचे बिलही पुढे करतो, त्याला दारातूनच परत पाठवावे.

एक आक्षेप उरतो, आणि तो सर्वांत गंभीर आहे. अर्धवट जागे करून त्या माणसाला आपल्या दुर्दशेचे भान आणून देणे ही क्रूरता नव्हे काय? आमचे उत्तर असे की, ज्याला दुःख सांगता येते त्याचे दुःख हलके करता येते. ज्याला सांगता येत नाही त्याचे दुःख नाही असे आपण सोयीने मानतो. शिवाय जागा झालेला माणूस ‘हो’ म्हणू शकतो, तसा ‘नको’ही म्हणू शकतो. बेथेस्दाच्या तळ्याकाठी अडतीस वर्षे पडलेल्या माणसाला बरे करण्यापूर्वी प्रभू येशूने त्याची इच्छा विचारली होती. वीज लावून माणूस बोलू लागला तर पहिल्या दिवसापासून त्याला विचारले पाहिजे. आणि त्याने समजून उमजून यंत्र बंद करा म्हटले तर ते बंद केले पाहिजे.

जो बोलू लागत नाही, त्याचे काय? ख्रिस्तसभेने त्याचे उत्तर आपल्या उपासनेतच दिले आहे. तान्हे मूल बाप्तिस्म्याच्या वेळी एकाही प्रश्नाचे उत्तर देत नाही. धर्ममातापिता त्याच्या वतीने देतात, आणि ते मूल देवाचे लेकरू होते. १९८३ च्या धर्मसंहितेतील १००६ व्या नियमाप्रमाणे, शुद्धीवर असताना ज्याने निदान अप्रत्यक्षपणे इच्छा दर्शवली होती, त्याला शुद्ध हरपल्यावरही रुग्णाभ्यंगाचा संस्कार द्यावयाचा असतो. म्हणजे ज्याला जगाने रिकामे घर ठरवले, त्याच्या कपाळाला ख्रिस्तसभा पवित्र तेल लावते आणि त्याच्याशी त्याचे नाव घेऊन बोलते.

ही आपली शिकवण, आणि आपले आचरण कसे असते? पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद नेण्याच्या याद्या बहुतेक धर्मग्रामांत असतात. रुग्णाला गिळता येईनासे झाले की त्याचे घर यादीतून गळते. त्याला प्रसाद घेता येत नाही, तेव्हा जाऊन काय करावयाचे, असा हिशोब होतो. तेथेही मोजमाप तेच : प्रतिसाद देणाऱ्याकडे जावयाचे. शेजारी पहिल्या महिन्यात रोज येतात, वर्षाने सणाला येतात, पुढे येत नाहीत. मागे उरते ती एक आई, नाही तर एक सून, जिने रात्री दोन-दोन तासांनी उठून त्या देहाची कूस बदलावयाची असते. जिला वर्षानुवर्षे रविवारच्या मिस्सालाही जाता आलेले नाही, तिच्यापुढे जीवनाच्या पावित्र्यावर प्रवचन करण्याचा अधिकार आपण आधी मिळवला पाहिजे. व्यवहारी माणसाचे मत तिच्या थकव्यात रुजते, तर्कात नव्हे.

शोमरोन्याच्या दाखल्यात आपण तेल आणि द्राक्षारस लक्षात ठेवतो, उतारशाळा विसरतो. शोमरोनी जखमा बांधून थांबला नाही. त्याने रुग्णाला उतारशाळेत नेले, दोन दीनार दिले आणि परत येताना उरलेला खर्च चुकता करण्याचा शब्द दिला. तो माणूस किती दिवसांत शुद्धीवर येईल, असा करार त्याने उतारशाळेच्या रखवालदाराशी केला नाही. विजेचे संशोधन करणारे डॉक्टर आजच्या काळातले तेल आणि द्राक्षारस घेऊन येत आहेत. त्यांचे स्वागत असो. उतारशाळा मात्र आपल्याला चालवावयाची आहे. आमची मागणी एवढीच आहे की, प्रत्येक धर्मग्रामाने अशा घरांची स्वतंत्र यादी करावी. पहिल्या शुक्रवारी धर्मगुरूंनी तेथे जावे, रुग्णाच्या नावाने हाक मारून त्याच्यासाठी प्रार्थना करावी आणि सेवा करणारीला ख्रिस्तप्रसाद द्यावा. आणि सेवा जाणणाऱ्या धर्मभगिनींनी व तरुणांनी आठवड्यातून दोन तास त्या खाटेशेजारी बसावे, म्हणजे त्या आईला वा सुनेला मिस्साला जाता येईल. यासाठी शस्त्रक्रिया लागत नाही, वीजही लागत नाही. येत्या पहिल्या शुक्रवारपासून हे सुरू करता येईल.